कार्ड जुळवायचं म्हणजे नक्की काय जुळवायचं?

गेल्या आठवड्यात आमच्या जर्नल क्लबमध्ये माझी पाळी होती. माझं काम भाताच्या जनुकांवर चालतं, त्यामुळे मी भाताचाच पेपर आणणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मी आणला १९७९ सालचा, माणसांवरचा. ना डीएनए, ना जेलचा फोटो, नुसत्या मुलाखती. आमच्या एका ज्युनिअरने हळूच विचारलंसुद्धा, "ताई, हे सायन्स आहे का?" त्याला तिथे नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून ही पोस्ट.

पेपर ॲबी लिपमन-हँड आणि क्लार्क फ्रेझर या दोघांचा, मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातला. तो मी का शोधून काढला, तर त्याला कारण माझ्या पर्समध्ये असलेलं एक कार्ड. कॉलेजात असताना सिकलसेलचं शिबिर झालं होतं, तेव्हा मिळालेलं. त्यावर माझं नाव, वय आणि पुढे दोन अक्षरं: एएस.

पूर्व विदर्भातल्या वाचकांना ही अक्षरं वेगळी सांगायला नकोत. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. हिमोग्लोबिनमधल्या बीटा ग्लोबिन या प्रथिनाच्या जनुकात एकाच अक्षराचा बदल होतो, त्यामुळे प्रथिनाच्या सहाव्या जागेवर ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येतं. हे बदललेलं जनुक आई आणि वडील दोघांकडून आलं तर माणूस एसएस, म्हणजे सिकलसेलचा रुग्ण. ऑक्सिजन कमी पडला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हाडं फोडून काढणाऱ्या वेदना होतात. एकाकडूनच आलं तर एएस, म्हणजे वाहक. वाहकाला साधारणपणे काहीही त्रास नसतो, उलट मलेरियापासून थोडं संरक्षणच मिळतं. म्हणूनच जिथे पिढ्यान् पिढ्या मलेरिया होता, तिथे हे जनुक टिकलं. गडचिरोलीत आहे, नंदुरबारच्या भिल्ल-पावरा वस्त्यांत आहे, आणि फक्त आदिवासींतच असतं असंही नाही. आमच्या भागात ते कितीतरी जातींत आहे.

प्रश्न येतो तो दोन एएस एकत्र आले की. प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस असण्याची शक्यता २५ टक्के.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. सतरा राज्यं, वय शून्य ते चाळीस, तीन वर्षांत सात कोटी लोकांची तपासणी, आणि २०४७ पर्यंत निर्मूलन. तपासलेल्या माणसाला कार्ड मिळतं. लग्नाआधी पत्रिका जुळवा न जुळवा, पण हे कार्ड जरूर जुळवा, असं आवाहन पंतप्रधानांनी त्या कार्यक्रमात केलं होतं. घोषणा म्हणून झकास आहे. कुठल्याही विज्ञानवाल्याला ती ऐकून बरं वाटेल, मलाही वाटलं होतं. पत्रिकेच्या जागी रक्ताचा रिपोर्ट, आणखी काय हवं?

तर आता पेपरकडे या.

त्या काळात जनुकीय समुपदेशन यशस्वी झालं की नाही हे मोजायची एक ठरलेली रीत होती. समुपदेशकाने सांगितलेला आकडा जोडप्याच्या लक्षात राहिला का, आणि धोका जास्त असताना त्यांनी मूल होऊ द्यायचं टाळलं का. म्हणजे माहिती आत टाकायची आणि शहाणा निर्णय बाहेर येतो का ते बघायचं. लिपमन-हँड आणि फ्रेझर यांनी आधी समुपदेशन ऐकलं, मग त्याच आईवडिलांशी सविस्तर बोलून विचारलं, की तुम्ही आत जे ऐकलंत त्याचं पुढे घरी काय झालं?

त्यांना सापडलं ते असं. आकडा कितीही नेमका सांगा, आईवडिलांच्या मनात त्याचे दोनच भाग उरतात: होईल किंवा होणार नाही. २५ टक्के असो की ५ टक्के, मूल काही पाव टक्का आजारी जन्मत नाही. माणसाला जगायचं असतं एका मुलासोबत, शंभर मुलांच्या सरासरीसोबत नाही. मग ते काय करतात? वाईटात वाईट घडलंय असं धरून चालतात आणि मनातल्या मनात ते आयुष्य जगून बघतात. असं मूल झालं तर मी काय करीन, नोकरीचं काय होईल, पहिल्या लेकराकडे कोण बघेल, लोक काय म्हणतील. ते झेपेल असं वाटलं तर पुढे जातात. नाही वाटलं तर थांबतात. आकडा त्या सगळ्यात कुठेतरी कोपऱ्यात असतो.

मला हे वाचताना घरचीच गोष्ट आठवली. दादाही एएस आहे. वहिनीची तपासणी लग्नाआधी झालीच नव्हती (का, ते पुढे सांगते), ती तिने लग्नानंतर स्वतःहून करून घेतली. रिपोर्ट यायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत मी दोनदा सगळ्यांना बसवून वहीत चौकटी काढून २५ टक्के समजावलं. आई शांतपणे ऐकायची आणि म्हणायची, "आसंल नाही तं नसंल." मला तेव्हा वाटलं, हिला संभाव्यता कळत नाही. पेपर वाचल्यावर वाटलं, तिला नीट कळलं होतं, मीच भलत्या प्रश्नाचं उत्तर देत बसले होते. वहिनी एए निघाली, हेही सांगून टाकते, नाहीतर तुम्ही शेवटपर्यंत त्याचाच विचार कराल.

चौकटींवरून आठवलं. शिबिरांतल्या पोस्टरवर चार बाळांचं चित्र असतं: एक एए, दोन एएस, एक एसएस. चित्र बरोबर आहे आणि तरी फसवं आहे. ते बघून लोक समजतात, चार मुलांत एक आजारी होणार. एक आजारी मूल झालं की आता पुढचं चांगलंच. असं नसतं, प्रत्येक वेळी फासा नव्याने पडतो. शंभर एएस-एएस जोडप्यांना प्रत्येकी चार मुलं झाली असं धरा. साधारण ३२ घरांत एकही एसएस मूल नसेल. ४२ घरांत बरोबर एक असेल. उरलेल्या २६ घरांत दोन किंवा त्याहून जास्त. पोस्टरवरचं कुटुंब निम्म्याहून जास्त घरांत अस्तित्वातच नाही. एसएस असलेल्या दोन लेकरांच्या आईला ते पोस्टर काय सांगत असेल?

पण या पेपरशी माझं भांडणही आहे. त्यातले लोक जोडपी होती. बहुतेकांच्या घरात काहीतरी घडलेलं होतं, म्हणून प्रश्न घेऊन ते स्वतः चालत आले होते आणि बंद खोलीत समुपदेशकासमोर बसले होते. आपल्याकडचं कार्ड ज्याच्या हातात पडतं त्याने प्रश्न विचारलेलाच नसतो. पोरगी अकरावीत असते, रक्त घेतात, कार्ड देतात. आणि ते पहिल्यांदा कामाला येतं ते बंद खोलीत नाही, बैठकीत. सतरंजी अंथरलेली, दोन्हीकडची वडीलधारी, मध्यस्थ, चहा-पोहे. निर्णय जोडप्याचा नसतोच, कारण जोडपं अजून झालेलंच नाही. मॉन्ट्रियलच्या पेपरमधला माणूस स्वतःला विचारतो, मला हे झेपेल का. आपल्या बैठकीतला माणूस विचारतो, ही पोरगी आपण का घ्यावी. हा फरक त्या पेपरच्या बाहेरचा आहे, आणि आपल्या मोहिमेच्या मात्र अगदी मधोमध आहे.

तीन वर्षांपूर्वी मला बघायला पाहुणे आले होते. मी आपली आदर्श विद्यार्थिनी, पर्समधून कार्ड काढलं आणि समोर ठेवलं. म्हटलं, मुलाचीही तपासणी करून घ्या, तो एए असला तर काहीच प्रश्न नाही. आत्याने स्वयंपाकघरात ओढून नेलं. "काहून दाखवतं वं ते कारड? इचारलं तं सांगजो." पाहुणे गेले. पुढे मध्यस्थाकडून निरोप आला, मुलीला रक्ताचं काहीतरी आहे म्हणे. मुलाने तपासणी केलीच नाही. नकार आला याचं फार वाईट वाटलं नाही (मुलगा तसाही तासभर फोनमध्ये बघत होता). वाईट वाटलं ते हे, की २५ टक्क्यांसाठी दोन माणसं लागतात आणि कार्ड एकाचंच वाचलं गेलं. वर्षभराने दादासाठी मुली बघणं सुरू झालं. त्याला नोकरी विचारली, शेती किती विचारली, घर कुणाच्या नावावर ते विचारलं. कार्ड कुणीही मागितलं नाही. तेच जनुक, त्याच आईवडिलांकडून आलेलं.

हे फक्त आमच्याच घरात होतं असं समजू नका. ग्रीसमध्ये ऑर्कोमेनोस नावाचं गाव आहे, कोपाइस सरोवराच्या काठचं. सरोवर आता उरलेलं नाही, पण त्या दलदलीचा मलेरिया आणि मलेरियाने राखलेलं सिकलसेलचं जनुक गावात होतं. पाचातला एखादा तरी वाहक. तिथेही लग्नं मोठ्या प्रमाणात घरचेच ठरवत. जॉर्ज स्टामाटोयानोपुलोस या शास्त्रज्ञाच्या गटाने सगळ्या गावाची तपासणी केली, लोकांना समजावून सांगितलं, आणि काही वर्षांनी परत जाऊन पाहिलं की वाहक-वाहक लग्नं टळली का. १९७४ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. अशी लग्नं जवळपास तेवढीच होत होती, जेवढी कुणालाच काही माहीत नसताना योगायोगाने झाली असती. वाहकांवर मात्र शिक्का बसला होता. एए लोक वाहकांना टाळू लागले, आणि वाहकांच्या घरचे निकाल लपवू लागले.

जरा थांबून यातला तर्क बघा, कारण तो क्रूर आहे. वाहकाने एए माणसाशी लग्न केलं तर एकही मूल एसएस होत नाही. म्हणजे कार्यक्रमाचं सगळं यश कशावर अवलंबून आहे, तर एए माणसांनी वाहकांना आनंदाने स्वीकारण्यावर. आणि कार्ड बघून एए माणूस काय करतो? वाहकाला नाकारतो. मग वाहकाला उरतात दोनच वाटा, लपवणं किंवा दुसरा वाहक. जे टाळायचं होतं, तिकडेच ढकलणारा रस्ता.

त्यात आपल्याकडच्या सोयरिकीचे नियम मिसळा. गोंडांमध्ये देव बघतात, चार देववाले, पाच, सहा, सात. एकाच संख्येच्या देवांत लग्न होत नाही. नंतर गाव, नातं, शेती, शिक्षण. एवढ्या चाळण्यांतून उरलेल्या दोन-तीन स्थळांत आणखी एक चाळणी लावायची. शहरात मॅट्रिमोनी साइटवर हजार प्रोफाइल बघणाऱ्याला "कार्ड जुळवा" हे सोपं वाटतं. भामरागडच्या आतल्या पाड्यावर त्याचा अर्थ वेगळा होतो.

या विचाराचं टोक बघायचं असेल तर लायनस पॉलिंग. १९४९ मध्ये सिकलसेलच्या हिमोग्लोबिनचा रेणूच वेगळा असतो हे ज्यांनी दाखवलं, तेच. आमच्या बीएस्सीच्या पुस्तकात त्यांचा फोटो होता. १९६८ मध्ये एका लेखात त्यांनी सुचवलं की अशा जनुकांच्या वाहकांच्या कपाळावर चिन्ह गोंदवावं, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडणारच नाहीत. हेतू चांगला होता हो. लेकरांच्या वेदना टाळायच्या होत्या. पण दोन नोबेल मिळवलेल्या माणसालाही वाटलं, की समोरच्याला नुसतं दिसलं की प्रश्न संपला. भाताच्या प्लॉटमध्ये मी अगदी हेच करते. प्रत्येक रोपाला टॅग लावते आणि कुणाचा संकर कुणाशी ते ठरवते. रोपं काही म्हणत नाहीत.

"जनुकीय समुपदेशन" हा शब्दप्रयोग १९४७ मध्ये शेल्डन रीड यांनी रूढ केला, तो याच वृत्तीपासून दूर जाण्यासाठी. कुणी जन्माला घालावं आणि कुणी नाही हे वरून ठरवणाऱ्या सुप्रजननशास्त्राचा तो काळ नुकताच उलटत होता. समुपदेशकाने माहिती द्यावी, सोबत बसावं, निर्णय मात्र सांगू नये, असा दंडक त्यातून पुढे तयार झाला. आपलं कार्ड माहिती देतं आणि घोषणा निर्णय सांगते. मधला माणूस, तो सोबत बसणारा, तोच गळून पडलाय.

मग काहीच करू नये का? असं मी म्हणत नाहीये. तपासणी हवी. एसएस मूल लहानपणीच सापडलं तर पेनिसिलिन, लसी, पुढे हायड्रॉक्सियुरिया, यांनी आयुष्य अक्षरशः बदलतं. मोहिमेचा हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो आणि भाषणांत त्याला सगळ्यात कमी जागा मिळते. माझी तक्रार आहे ती कार्डाचं पहिलं काम लग्न मोडणं हे करून ठेवण्याबद्दल.

दुसऱ्या वाटा लोकांनी काढल्या आहेत. सायप्रसमध्ये थॅलेसेमियासाठी १९८३ पासून चर्चमध्ये लग्न लावायचं तर तपासणीचं प्रमाणपत्र लागतं. पण तिथे दोघं वाहक निघाले तरी बहुतेक जोडपी लग्न करतातच, आणि गरोदरपणात गर्भाची तपासणी करून पुढचं ठरवतात. आपल्याकडेही हे कायद्यात बसतं. गर्भलिंग निदानाला बंदी करणाऱ्या १९९४ च्या कायद्यातच हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजारांसाठी गर्भाची तपासणी करायला परवानगी दिलेली आहे. साधारण दहा ते बारा आठवड्यांच्या दरम्यान वारेचा नमुना घेऊन ती होते. आपल्या शिबिरांत किती एएस जोडप्यांना हे सांगितलं जातं? मला तर कार्ड देताना कुणी सांगितलं नव्हतं, मी ते पीएचडीला लागल्यावर वाचलं. अर्थात ही वाटही सोपी नाही. तपासणी मोठ्या शहरात, वेळ कमी, आणि त्यानंतर गर्भपाताचा निर्णय, जो कुणी कुणाच्या वतीने घेऊ शकत नाही. पण वाट आहे हे माहीत असणं आणि नसणं यात फरक आहे.

दुसरं उदाहरण मला जास्त छळतं. न्यूयॉर्कच्या कर्मठ ज्यू समाजात, जिथे लग्नं ठरवूनच होतात, डोर येशोरिम नावाची संस्था १९८३ पासून काम करते. ती सुरू करणारे रब्बाय जोसेफ एकस्टीन यांची स्वतःची चार मुलं टे-सॅक्स या आनुवंशिक आजाराने गेली. त्यांची पद्धत अशी: शाळेच्या वयात रक्त घेतात आणि मुलाला फक्त एक क्रमांक देतात, निकाल सांगतच नाहीत. स्थळ आलं की दोन्हीकडचे क्रमांक कळवायचे. उत्तर येतं, जुळतं किंवा जुळत नाही. जुळत असेल तर दोघांपैकी कुणी वाहक आहे का हे कुणालाच कळत नाही. बस.

संशोधक म्हणून मला हे खटकतं. माझ्या रक्ताची माहिती माझ्यापासूनच लपवणारे तुम्ही कोण? आणि सिकलसेलमध्ये ते जसंच्या तसं चालणारही नाही, एसएस माणसाला त्याचा आजार सांगावाच लागेल. पण त्या सतरंजीवर बसलेली मुलगी म्हणून विचाराल, तर मला तो क्रमांक हवा होता. त्या पद्धतीत मुलाकडच्यांना मुलाचं रक्त दिल्याशिवाय माझ्याबद्दल काहीही कळू शकलं नसतं. दोन माणसांचा प्रश्न दोन माणसांचाच राहिला असता. आपल्या कार्डात ती एक गोष्ट आणायला नवं तंत्रज्ञान लागत नाही. दोघांची तपासणी झाल्याशिवाय एकाचा निकाल उघडायचा नाही, एवढा नियम पुरेसा आहे.

आणि "निर्मूलन" या शब्दाबद्दल एक, मग थांबते. सगळी कार्डं अगदी बिनचूक जुळली, एकही एएस-एएस लग्न झालं नाही असं समजा. पुढच्या पिढीत एसएस मुलं नसतील. पण एएस आणि एए यांच्या प्रत्येक मुलाला वाहक असण्याची शक्यता ५० टक्के असते, म्हणजे जनुक जिथल्या तिथे राहील. कार्ड जुळवणं मग दर पिढीला, कायमचं. तेव्हा वाहक असणं ही जर लाजेची गोष्ट करून ठेवली, तर ती लाजही कायमची.

पुढच्या महिन्यात आमच्या विद्यापीठात तपासणी शिबिर आहे. स्वयंसेवक म्हणून नाव दिलंय, आणि संयोजकांकडे दोन गोष्टी मागितल्यात. निकाल रांगेत सगळ्यांसमोर न देता बाजूच्या खोलीत एकेकाला बसवून द्यायचे, आणि रक्त द्यायला मुलांची रांग आधी लावायची. पहिलीला होकार आलाय. दुसरीवर म्हणाले, "बघू, मुलं येतात का ते."